कोपऱ्यातला चौदा नंबर

टीव्हीवर फुटबॉल लागला की आमच्या घरात सगळे चेंडू बघतात आणि मी गोलाच्या मागे बघते. तिथे राखीव खेळाडू पिवळ्या जाळीदार बनियनी चढवून इकडून तिकडे धावत असतात, पाय ताणत असतात, मधूनच प्रशिक्षकाकडे बघत असतात. कॅमेरा त्यांच्यावर मुद्दाम कधी जात नाही. चुकून कोपऱ्यात आले तर आले. नवरा ओरडतो, "अगं, गोल झाला, गोल!" तोवर माझं लक्ष त्या कोपऱ्यातल्या कुठल्यातरी पोराच्या मानेवर असतं. ही खोड मला तुकोजीअण्णांनी लावली. त्यांनी लावलेल्या बाकीच्या सवयी सुटल्या, ही काही सुटत नाही.

मी नागपूरहून बंगळुरूला आले आणि सर्जापूर रोडवरच्या एका ऑफिसात चिकटले. तिथलं काम काय ते मी आईला कितीदा समजावलं, तिला ते खरं वाटलंच नाही. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची, फुटबॉल चांगलं खेळणारी पोरं असतात. त्यांना या खेळात फार मोठं व्हायचं असलं की त्यांचे डोळे युरोपाकडे लागतात. मग प्रश्न येतो, कुठल्या देशाच्या लीगमध्ये जायचं? जर्मनी, हॉलंड, पोर्तुगाल, डेन्मार्क? मोठ्या क्लबच्या पोरांच्या संघात जायचं, की लहान क्लबच्या मुख्य संघात? आईबाप बिचारे गोंधळलेले. ते पोराच्या सामन्यांचे व्हिडिओ आमच्याकडे पाठवत आणि आम्ही बंगळुरूत एसीत बसून, एकेक पास तपासून, पोराला कुठे धाडावं याचा अहवाल देत असू. "म्हणजे वधूवर सूचक मंडळ," आई म्हणाली. ती चेष्टेनं म्हणाली होती. पण आमच्यात एक माणूस हे काम अगदी तसंच करत असे.

तुकोजीअण्णा बंगळुरूजवळच्या येलहंक्याचे. पन्नाशी ओलांडलेले, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, कपाळाला विभूती, पायात पांढरे कॅन्व्हासचे बूट. एकेकाळी एका सरकारी कारखान्याच्या संघात गोलकीपर होते, म्हणून त्यांना इथे घेतलेलं. हाक मारली की ते मान वळवत नसत, ऑफिसच्या फिरत्या खुर्चीसकट अख्खे वळत. सुरुवातीला मला ती ऐट वाटली. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण मला ते "अक्का"च म्हणत, आणि साफसफाई करणाऱ्या लक्ष्मम्मालाही अक्काच. डब्यात बहुतेक चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा भात, असे आणि ते अर्धं माझ्या डब्याच्या झाकणात येई.

त्यांच्या मराठीची आमच्यात फार टिंगल व्हायची. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, तेव्हा भाषेत निम्मं कानडी मुरलेलं. आमचा टीम लीडर निनाद पुण्याचा. तो एकदा म्हणाला, "अण्णा, सीरियसली, तुमचं मराठी कुठल्या व्हर्जनचं आहे?"

अण्णा खुर्चीसकट वळले. "जुनंच हाय की हो. आम्ही फौजेबरोबर घोड्यावरून आलो. तुम्ही स्लीपर कोचनं आलात. सामान स्वल्प कमी-जास्त व्हायचंच."

निनादनं पुन्हा तो विषय काढला नाही.

अण्णांचं काम बघणं म्हणजे लग्न जमवणाऱ्या आत्याबाईंचा दरबार बघणं. आम्ही आकडे बघायचो. किती पास, किती धावला, किती चेंडू हिसकावले. अण्णाही ते भरायचे, कुरकुर न करता. पण लीग ठरवायची वेळ आली की म्हणायचे, "लीग म्हणजे सासर. पोरगी देताना तुम्ही काय बघता? घराचा मजला? मोठं घर, पोकळ वासा. मी सांगतो ऐक, सासू बघायची." सासू म्हणजे प्रशिक्षक. जो प्रशिक्षक नवख्या पोराला मैदानात उतरवतो, चुकलं तरी पुढच्या सामन्यात पुन्हा उतरवतो, तो ज्या क्लबात असेल तिथे पोरगं द्यावं, मग तो क्लब आडगावात का असेना. निनादला हे पटत नसे. "अण्णा, प्लीज, डेटा काय म्हणतो ते लिहा ना. सासू कॉलम नाहीये आपल्याकडे."

आणि पोरगं कसं बघायचं, तर मानेवरून. "चेंडू बघू नको, अक्का. चेंडू कुठं पळून जात नाही. चेंडू यायच्या आधी हा काय करायलाय ते बघ." त्यांनीच मला दाखवलं. चांगला खेळाडू चेंडू पायाशी यायच्या आधी डावीकडे-उजवीकडे मान वळवून घेतो. कोण कुठे उभं आहे, मागून कोण येतंय, सगळं आधीच बघून ठेवतो. अंगणात दाणे टिपणारी चिमणी असते ना, तशी ती मान हलत असते. एकदा कळल्यावर मला दुसरं काही दिसेना.

मग एका दुपारी चित्रान्न खाता खाता त्यांनी त्यांच्या स्वतःच्या मानेचं सांगितलं. कारखान्याच्या संघात ते राखीव गोलकीपर होते. मुख्य गोलकीपर म्हणजे रेड्यासारखा माणूस, त्याला कधी तापसुद्धा येत नसे. अण्णांची सगळी उमेद बाकावर गेली. बाक मैदानाच्या एका टोकाला, त्यामुळे खेळ नेहमी उजवीकडे. वर्षानुवर्षं उजवीकडे बघत बसायचं. "नवस केला होता मी," अण्णा म्हणाले, "त्याच्या बोटाला लागू दे म्हणून. देवानं ऐकलं. फायनलला लागलं."

"मग?"

"मग काय. उतरलो. पहिलाच बॉल डावीकडनं आला. मला दिसलाच नाही, अक्का. मान वळलीच नाही तिकडं. लोक हसले." डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "बाकावर बसून पाय जात नाहीत. पाय राहतात. आधी मान जाते, आणि गेली की परत येत नाही."

तेव्हा मला त्या खुर्चीसकट वळण्याचा उलगडा झाला आणि मी तिला ऐट समजत होते याचं फार वाईट वाटलं.

चौदा नंबर आमच्याकडे आला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्याचं नाव अहवालात होतं, पण अण्णा कुठल्याच पोराचं नाव घेत नसत, शर्टावरचा नंबर घेत. "नाव कळलं की माणूस घरात येऊन बसतो," म्हणत. चौदा नंबर ओहायोतल्या एका लहान गावचा, सतरा वर्षांचा, डाव्या पायाचा. अंगानं किडकिडीत. खेळ सुरू व्हायच्या आधी खाली वाकून गवताला हात लावायचा आणि तो हात मानेवरून फिरवायचा. आणि ती मान! अण्णांनी पहिला सामना बघितला आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. "आय्यो, बघ, बघ! याच्या मानेला भिंगरी लावलीय कुणी!" निनादसुद्धा येऊन उभा राहिला.

त्याची आजी मूळची डेन्मार्कची, त्यामुळे कागदपत्रांची अडचण नव्हती. दोन ठिकाणं समोर होती. एक जर्मनीतला मोठा क्लब, त्यांच्या पोरांच्या संघात जागा. दुसरा डेन्मार्कमधला लहानसा क्लब, पण तिथे थेट मुख्य संघात. आमचे आकडे जर्मनी म्हणत होते. अण्णा डेन्मार्क म्हणत होते, कारण तिथला प्रशिक्षक पोरांना खेळवणारा होता. त्याचे दोन हंगामांचे सामने त्यांनी बसून बघितले होते. "सासू सोन्यासारखी हाय," हे त्यांचं मत.

शेवटी मुलाच्या वडिलांशी व्हिडिओ कॉल झाला. टोपी घातलेला दणकट माणूस, मागे स्वयंपाकघर, मांडीवर कुत्रा. निनादनं अर्धा तास आलेख दाखवले. मग वडील म्हणाले, तुमच्यापैकी ज्यांनी माझ्या मुलाला सगळ्यात जास्त बघितलंय त्यांना मला ऐकायचंय. आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांचं इंग्रजी कामापुरतं. ते कॅमेऱ्यासमोर सरसावले आणि त्यांनी विचारलं, मुलगा घरचं जेवण सोडून राहिलाय का कधी? एकटा असला की जेवतो का नीट? त्या माणसाला एवढा वेळ कुणी हे विचारलं नव्हतं. त्यानं कुत्र्याला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाला, नाही जेवत, त्याच्या आईला तीच काळजी आहे. अण्णा म्हणाले, मग जिथे त्याला रोज खेळायला मिळेल तिथे पाठवा. खेळलेलं पोरगं जेवतं.

चौदा नंबर डेन्मार्कला गेला. जर्मनीला नाही म्हणून कळवलं.

सुरुवातीचे काही सामने तो खेळला. अण्णा त्या दिवसांत ऑफिसात पेढे वाटल्यासारखे फिरत. मग लागोपाठ चार-पाच पराभव झाले आणि क्लबनं प्रशिक्षकाला काढून टाकलं. नवीन आला तो अनुभवी माणसांवर भिस्त ठेवणारा. चौदा नंबर बाकावर गेला. आम्हाला ते व्हिडिओत दिसत होतं आणि आम्ही अण्णांकडे बघायचं टाळत होतो. एके दिवशी तेच खुर्चीसकट माझ्याकडे वळले. "सासू बघून दिलं, अक्का," ते म्हणाले, "आणि सासूच बदलली. मोठं घर बघून दिलं असतं तर घर तरी राहिलं असतं."

 मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही काहून जिवाला लावून घेता? वडिलांनीच ठरवलं ना."

"वडिलांनी नव्हं. मी जेवणाचं विचारलं म्हणून ठरवलं."

त्यानंतर अण्णा त्या क्लबचा एकेक सामना बघू लागले. ते आमचं काम नव्हतं, ते जेवणाच्या सुट्टीत बघत. तिथे एकच कॅमेरा, उंचावर लावलेला. राखीव खेळाडू गोलाच्या मागे अंग गरम करत, ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढे दिसत. पिवळ्या बनियनीखाली नंबर झाकलेला. अण्णा त्याला मानेवरून ओळखायचे. "हा बघ," म्हणायचे, "अजून हलते." काही आठवड्यांनी म्हणाले, "कमी हलायलीय." मी डोळे फाडून बघायचे, मला पिवळा ठिपका दिसायचा.

असंच एक चित्र थांबवून ते एकदा चहाला गेले होते. गोलाची जाळी, मागे जाहिरातीचा फलक आणि दोन्हीच्या मधे एक फिकट पिवळा फराटा. लक्ष्मम्मा टेबलं पुसत आली. तिला वाटलं पडद्यावर हळद सांडली. तिनं ओल्या फडक्यानं घासलं, परत घासलं, नखानं खरवडलं. "होगतिल्ला," जात नाही म्हणाली माझ्याकडे बघून. तेवढ्यात अण्णा दारात आले.  लक्ष्मम्माच्या हातातलं फडकं हळूच घेऊन त्यांनी पडद्यावरचं पाणी टिपलं आणि खुर्चीवर बसले.  त्यानंतर त्या टेबलाजवळून जाताना मी पडद्याकडे बघत नसे.

मग चौदा नंबर कोपऱ्यातूनही गेला. पुढच्या सामन्यांत पिवळ्या बनियनीत दुसरेच कुणी होते. क्लबच्या यादीतून नाव निघालं. अण्णांच्या सांगण्यावरून निनादनं वडिलांना विचारून बघितलं, उत्तर आलं नाही. त्याच सुमारास जर्मनीतल्या त्या मोठ्या क्लबानं चौदा नंबरच्या जागी घेतलेला मुलगा मुख्य संघात खेळायला लागला. ही बातमी अण्णांपर्यंत पोचू नये म्हणून आम्ही धडपडलो. त्यांनी ती आमच्या आधीच वाचली होती.

"मला दुसरं काही नको," अण्णा म्हणायला लागले. "एकदा दिसू दे. कुठंही असू दे, गल्लीत असू दे. खेळताना दिसू दे."

नवीन पोरांचे व्हिडिओ येतच होते. अण्णा आकडे भरत, पण लीगचं विचारलं की "गोत्तिल्ला" म्हणत. मला माहीत नाही. निनादनं खूप समजावलं. तो वाईट मुलगा नव्हता. "अण्णा, शंभरातली एखादी केस अशी होतेच. इट्स नॉट ऑन यू." अण्णा "सरी, सरी," बरं बरं म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन पुन्हा डेन्मार्क लावून बसले. आता तिथे शोधण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. तरी ते कोपरा बघत असत. कधी मोठ्यानं बोलत, "ये की रे," आणि आम्ही सगळे एकदम टायपिंग करायला लागायचो.

डोळ्यांचं दुखणं निघालं ते त्यातच. काचबिंदू. कडेचं दिसणं हळूहळू जातं आणि मधे नळीतून बघावं तेवढंच उरतं. डॉक्टर म्हणाले की हे बरंच आधीपासून असणार. अण्णांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी केक कापला, सगळ्यांना "बरं रहा" म्हणाले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुला दिसला तर सांग."

मी हो म्हटलं. असं आपण म्हणतोच.

आणि तीन-चार वर्षांनी मला तो दिसला. निदान मला तसं वाटलं. ओहायोतल्याच दुसऱ्या एका पोराचे व्हिडिओ आले होते, त्यात एका संध्याकाळच्या हौशी लीगचा सामना होता. शाळेचं मैदान, कडेला मोटारी. पोराच्या विरुद्ध संघात एक दाढीवाला, अंगानं सुटलेला माणूस होता, डाव्या पायाचा. शर्टावर नंबरच नव्हता. खेळ सुरू व्हायच्या आधी तो वाकला, गवताला हात लावला आणि तो हात त्यानं मानेवरून फिरवला. मी व्हिडिओ थांबवला. हे कितीतरी खेळाडू करत असतील. तोंड नीट दिसत नव्हतं. मी त्या संघाची यादी शोधली, मिळाली नाही. त्या रविवारी बस बदलत बदलत मी येलहंक्याला गेले.

घरी सुमित्राबाई होत्या, अण्णांच्या पत्नी. "ते काय, ग्राउंडात," म्हणाल्या. "दिसत तर काही नाही, पण रोज जाऊन उभारतात."

मैदानावर पोरांचा सामना रंगात आला होता. अण्णा गोलाच्या मागे उभे होते, राखीव पोरं धावतात तिथे. गळ्यापर्यंत बटण, पांढरे बूट. मी आवाज दिला तर माझ्याकडे अख्खे वळले आणि मला शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अण्णा, तो सापडला असं वाटतंय."

त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, लांब धरला, इकडे-तिकडे सरकवला. मग परत केला. "नुसतं गवत दिसायलंय, अक्का. तू बघ. मी विचारतो, तू सांग. खोटं सांगू नको."

"बरं."

"पाय?"

"डावा."

"गवताला हात लावून?"

"हो. मानेवर फिरवला."

"जाड झालाय?"

"झालाय. दाढी आहे."

अण्णा माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "बॉल यायच्या आधी मान वळवतो?"

मी व्हिडिओ मागे घेतला आणि पुन्हा बघितला. चेंडू त्याच्याकडे येत होता आणि तो एकाच दिशेला बघत उभा होता. पायाशी आला की दचकायचा. पास दिला की लगेच कडेला बघायचा, आपल्याला बाहेर बोलावतायत का हे बघितल्यासारखं. त्या मैदानाला प्रशिक्षकच नव्हता. कडेला एक घडीची खुर्ची होती आणि पाण्याच्या बाटल्या. तरी दर वेळी तो तिकडे बघत होता. माझ्या जिभेवर "हो, वळवतो" अगदी तयार होतं.

"नाही वळवत, अण्णा," मी म्हटलं.

 मैदानावर पोरं ओरडत होती.

"मग तोच तो," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. त्यांना ते दिसणार नाही, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

"खेळायलाय ना पण?"

"खेळतोय."

"पुरा वेळ?"

"पुरा वेळ. कुणी काढलं नाही त्याला."

"सरी," अण्णा म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला, तो जरा बाजूला पडला, मी डोकं पुढे केलं. मग घरी चल, चित्रान्न केलंय म्हणाले. मी चपलेतला खडा काढून मागून येते म्हटलं, कारण मला थोडा वेळ हवा होता.

ते मैदानाच्या कडेनं निघाले. आता त्यांना मधलं एवढंसंच दिसत होतं, त्यामुळे प्रत्येक पावलाला त्यांना आधी डावीकडे बघावं लागे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ऑफिसात मी कधी वळताना पाहिली नव्हती ती मान वळत होती, सारखी वळत होती. मैदानातून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, बॉल!" डावीकडून चेंडू उसळत येत होता. अण्णांनी तो आधीच बघितला होता. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी तो उचलला, छातीशी धरला आणि कुणाकडे टाकायचा ते शोधत तिथेच उभे राहिले.